क्यो आणि सूत : एका जपानी अक्षराची कुळकथा

परकी भाषा शिकायला निघालेल्या माणसाला पहिली धास्ती वाटते ती लिपीची. जपानी भाषेच्या बाबतीत तर ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. त्या भाषेत आपल्या बाराखडीसारख्या, उच्चार दाखवणाऱ्या दोन लिप्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला चीनमधून आलेली हजारो भावचित्रे आहेत. या चित्राक्षरांना जपानी लोक कांजी म्हणतात. नित्याच्या वापरासाठी जपानी सरकारने १९४६ साली जी यादी केली तिच्यात १,८५० अक्षरे होती. १९८१ साली ती १,९४५ झाली आणि २०१० साली २,१३६. एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. पण विद्यार्थी विचारतो, ‘याचा उच्चार काय?’ आणि गुरुजी उलट विचारतात, ‘कोणत्या शब्दातला?’ कारण एकाच अक्षराची दोन, तीन, क्वचित त्याहूनही अधिक वाचने असतात. अर्थ एक नि उच्चार अनेक, हा काय प्रकार आहे?

श्रोतेहो, प्रकार वाटतो तितका परका नाही. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात एखाद्या दुकानाच्या पाटीवर २ हा आकडा लिहिलेला असला, तर मराठी बोलणारा तो ‘दोन’ वाचील, हिंदी बोलणारा ‘दो’ वाचील. आकडा तोच, अर्थ तोच. बरं, मराठी बोलणाऱ्याच्या तोंडीसुद्धा तो नेहमी ‘दोन’ असतो का? शाळेतला मुलगा पाढा म्हणू लागला की हाच आकडा ‘बे’ होतो: बे एके बे. पुढच्याच ओळीत तो ‘दुणे’ होतो. पंचांगात कार्तिक शुद्ध २ असे छापलेले असते. भटजी ते ‘द्वितीया’ वाचतात आणि घरातली आजी ‘बीज’ म्हणते, भाऊबीजेतली बीज. दोन, बे, दुणे, द्वितीया, बीज! एका चिन्हाची पाच वाचने आपण लहानपणापासून बिनचूक करीत आलो आहोत, आणि त्यांचा नियम आपल्याला कोणी फळ्यावर लिहून दिलेला नाही. ज्या त्या शब्दाच्या संगतीने ते वाचन आपल्या तोंडी बसले. कांजीचेही नेमके असेच आहे.

अशा एकाच अक्षराची हकिकत आज सांगायची आहे. हे अक्षर निवडण्याचे कारण असे, की त्याचा अर्थ आपल्या सुताशी जाऊन मिळतो, आणि त्याचा उच्चार आपल्याच विदर्भात, सेवाग्रामच्या प्रार्थनेत, आजही कानी पडतो. त्या उच्चारापायी एका माणसाला पोलिसांनी धरून नेले नाही हे खरे. पण तो उच्चार ज्याने आणला त्याला मात्र नेले. त्याची गोष्ट पुढे येईलच.

नभोवाणीवरून अक्षर दाखवता येत नाही, तेव्हा त्याचे वर्णनच करतो. अक्षराचे दोन भाग आहेत. डाव्या बाजूला रेशमाच्या लडीचे चित्र आहे. धागा, दोरा, विणकाम यांच्याशी नाते असलेल्या पुष्कळ अक्षरांत ही लड डावीकडे बसलेली असते. उजव्या बाजूच्या जुन्या रूपात वर एक आडवी रेघ, तिच्याखाली तीन वळणदार रेघा आणि तळाशी एक आधार आहे. मागावर उभे ताणलेले धागे असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, जपानने अनेक अक्षरांची रूपे सोपी केली, तेव्हा या उजव्या भागाचीही काटछाट झाली. आज हे अक्षर अकरा फटकाऱ्यांत लिहितात आणि जपानी मुले ते पाचव्या इयत्तेत शिकतात.

या अक्षराचा मूळ अर्थ आहे ताणा. भंडारा जिल्ह्यात आंधळगावसारख्या ठिकाणी कोसा विणणाऱ्यांचे माग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. मागावर आधी उभे धागे ताणून घेतात, तो ताणा. मग धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा भरत जातो, तो बाणा. बाणा येतो, जातो, रंग बदलतो. ताणा मात्र पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जागचा हलत नाही. कापडाचा सारा भार त्याच्यावर. या एका गोष्टीतून चिनी लोकांनी त्या अक्षराला पुढचे अर्थ दिले. जे टोकापासून टोकापर्यंत जाते ते, म्हणून ‘मधून जाणे’, ‘काळ लोटणे’. जे बदलत नाही ते, म्हणून ‘नियम’, ‘प्रमाण’. आणि ज्याच्या आधाराने समाजाचे वस्त्र विणले जाते ते, म्हणून ‘प्रमाणग्रंथ’. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच मान्य ग्रंथांना याच अक्षराने ओळखले जात असे.

इतक्यात भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये जाऊ लागले. मध्य आशियाच्या वाटेने भिक्षू जात होते, व्यापारी जात होते, पोथ्या जात होत्या. त्या पोथ्यांच्या नावांत एक शब्द वारंवार येई: सूत्र. पाली भाषेत त्याचेच सुत्त होते. भाषांतरकारापुढे प्रश्न उभा राहिला, की याला चिनीत म्हणायचे काय? एक उपाय होता उच्चार जसाच्या तसा उचलण्याचा, आणि तोही काहींनी करून पाहिला. पण रूढ झाला तो दुसरा उपाय. सूत्र म्हणजे धागा. आणि आपल्याकडे प्रमाणग्रंथाला शब्द आहे तोही धाग्याचाच! धाग्याला धागा जुळला, ग्रंथाला ग्रंथ जुळला. भाषांतराच्या इतिहासात इतके सूत जुळलेले उदाहरण सहसा सापडत नाही. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीवाने चांगआन नगरात ‘सद्धर्मपुंडरीकसूत्र’ या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. त्याचे वडील मूळचे भारतीय होते आणि आई मध्य आशियातल्या कूचा राज्याची राजकन्या होती, असे परंपरा सांगते. या भाषांतराच्या पाच अक्षरी नावातले शेवटचे अक्षर म्हणजे आपले हे ताण्याचे अक्षर.

आता उच्चाराकडे वळू. सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातल्या पेकचे राज्याकडून बौद्ध धर्म जपानात पोचला. त्याच्याबरोबर चिनी ग्रंथ आले आणि त्यांचे त्या काळचे उच्चारही आले. हे उच्चार बहुतांशी दक्षिण चीनच्या वळणाचे होते. या थरातले आपल्या अक्षराचे वाचन आहे ‘क्यो’, त्यातला ओ लांबवलेला. पुढे सातव्या ते नवव्या शतकांत जपानचे वकील आणि विद्यार्थी तांग राजवटीच्या राजधानीला जाऊ लागले. ते परत आले तेव्हा उत्तरेचे नवे उच्चार घेऊन आले. आपल्या अक्षराचे त्यांनी आणलेले वाचन ‘केइ’. आठव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने फर्मान काढले, की विद्यार्थ्यांनी हेच उच्चार शुद्ध मानावेत. दरबारी विद्वानांनी मानले. मठातल्या भिक्षूंनी काय केले? त्यांच्या तोंडी पाठांतर बसले होते ते जुन्या उच्चारांचे. राजाच्या हुकुमाने मुखोद्गत पोथी कशी बदलायची? भिक्षू ‘क्यो’च म्हणत राहिले. म्हणून आजही देवळातली पोथी ‘क्यो’ आणि कचेरीतले व पुस्तकातले बहुतेक शब्द ‘केइ’. पुढे झेन पंथाच्या भिक्षूंनी चीनमधून आणखी एक थर आणला, त्यात हेच अक्षर ‘किन’ झाले. सूत्रवाचनाच्या ‘कानकिन’ या शब्दात ते टिकून आहे.

ही झाली चीनमधून आलेली वाचने. पण अक्षर येण्याआधी जपानी माणूस मुका होता का? त्याच्याकडे त्याचे शब्द होतेच. काळ लोटण्याला तो ‘हेरु’ म्हणे, मागावरच्या उभ्या धाग्याला ‘ताते’ म्हणे. त्याने ते शब्द सोडले नाहीत; त्याच अक्षरावर बसवून दिले. तेव्हा अक्षर एक आणि वाचने दोन जातींची: एक पाहुण्याची आणि एक घरची. आपल्याकडे सूत्र हा संस्कृत शब्द आहे आणि त्याच्याच पोटचा सूत हा घरगुती शब्द आहे. मंगळसूत्र, सूत्रधार हे शब्द एका थाटाचे. सूत कातणे, सुतावरून स्वर्ग गाठणे हे दुसऱ्या थाटाचे. आपण दोन्ही शब्द निराळे लिहितो. जपानी माणूस अशी दोन्ही वाचने एकाच अक्षराखाली नांदवतो, इतकाच फरक.

या अक्षरापासून घडलेले शब्द पाहिले की जपानचा पुढचा इतिहासही डोळ्यांपुढून जातो. १७७४ साली सुगिता गेनपाकु आणि त्याच्या सोबत्यांनी डच भाषेतल्या शरीरशास्त्राच्या एका ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले. मज्जातंतूला चिनी वैद्यकात नेमका शब्द नव्हता. त्यांनी ‘शिनकेइ’ हा नवा शब्द बनवला, त्यातला ‘केइ’ म्हणजे आपलेच अक्षर. आपणही त्याला तंतूच म्हणतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नकाशावरच्या उभ्या रेषा, म्हणजे रेखांश, ते ‘केइदो’. ज्यातून माणूस जातो तो अनुभव, ‘केइकेन’. आणि १८६८ नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्य विद्या आल्या, तेव्हा अर्थशास्त्राला व अर्थव्यवहाराला ‘केइझाइ’ हा शब्द पक्का झाला. जगाचा कारभार नीट लावून प्रजेला तारणे, अशा अर्थाच्या जुन्या चार अक्षरी चिनी उक्तीचा तो संक्षेप. पैशाचा हिशेब सांगणाऱ्या शब्दाच्या पोटात प्रजेला तारण्याची जबाबदारी दडलेली आहे. जपानी व्यापाऱ्याला ती रोज आठवत असेल असे नाही, पण अक्षर ती विसरलेले नाही.

आता जपानातून आपल्या मुलखाकडे येऊ. गोंदियाहून मुंबईच्या गाडीत बसले की नागपूर ओलांडल्यावर वर्धा लागते. या वर्ध्याला ऑक्टोबर १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी भिक्षू महात्मा गांधींना भेटले. त्यांचा जन्म १८८५ चा. १९३१ साली ते भारतात आले होते. बुद्धाचा धर्म जिथून आला त्या भूमीला तो परत करायचा, अशी त्यांची श्रद्धा. तेराव्या शतकातल्या निचिरेन या धर्मपुरुषाचे ते अनुयायी होते. निचिरेनची शिकवण अशी, की सद्धर्मपुंडरीकसूत्राच्या नावाचाच जप करावा, त्यात सारे आले. हातात दांड्याचा, पंख्यासारखा चपटा ढोल धरायचा, तो वाजवत चालायचे, आणि म्हणायचे: नमु म्योहो रेंगे क्यो. फुजींना पुढे लोक गुरुजी म्हणू लागले. गांधीजी १९३६ साली शेगावी राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तिथेही फुजी गुरुजींच्या परंपरेतला एक जपानी भिक्षू राहिला. सकाळ-संध्याकाळ त्याचा ढोल आश्रमात ऐकू येई. आश्रमाच्या प्रार्थनेत या जपाला स्थान मिळाले. आश्रमवासीयांच्या तोंडी त्याचे रूप झाले, ‘नम्यो हो रेंगे क्यो’.

या रूपाकडे थोडे बारकाईने पाहा. मूळ अक्षरे सात आहेत. पहिली दोन ‘नमु’. मग ‘म्यो’ म्हणजे अद्भुत, ‘हो’ म्हणजे धर्म, ‘रेंगे’ या दोन अक्षरांचे मिळून कमळ, आणि शेवटी ‘क्यो’, आपला ताणा, म्हणजे सूत्र. ही शेवटची पाच अक्षरे अर्थाने घेतलेली आहेत. पहिल्या दोन अक्षरांची तऱ्हा मात्र निराळी आहे. कोश उघडून पाहिला तर पहिल्याचा अर्थ ‘दक्षिण दिशा’ आणि दुसऱ्याचा ‘नाही’. दक्षिण नाही! मग हा जप कशाचा? तर इथे अर्थ पाहायचाच नाही. आपल्या ‘नमः’चा, ‘नमो’चा उच्चार लिहून ठेवायला चिनी भाषांतरकारांनी त्या ध्वनीची दोन अक्षरे उसनी घेतली, एवढेच. सातवाहनांच्या काळात नाणेघाटात लेख कोरला गेला, त्यात देवतांना हाच ‘नमो’ वाहिलेला आहे. तो शब्द चीनला गेला, तिथून जपानला गेला, दीड-दोन हजार वर्षे परक्या अक्षरांत राहिला आणि वर्ध्याला परत आला. ज्यांनी तो सेवाग्रामला म्हटला त्यांतल्या अनेकांना तो जपानी वाटला. सुरुवातीचा ‘नमु’ पुढच्या अक्षराला चिकटून त्याचा ‘नम्यो’ झाला, म्हणजे आपला नमस्कार आपल्यालाच ओळखू येईनासा झाला. आणि जिथे रोज चरख्यावर सूत निघत होते, तिथे प्रार्थनेच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्दही सूतच होता.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि ब्रिटिश साम्राज्याचा शत्रू ठरला. सेवाग्रामच्या त्या जपानी भिक्षूला पोलिस घेऊन गेले. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी शिपाई जपानी सैन्याशी लढले, मेले. अशा दिवसांत शत्रूच्या भाषेतला जप प्रार्थनेतून गाळला गेला असता तर कोणी फारसे नवल केले नसते. पण तो गाळला गेला नाही. ढोल वाजवणारा गेला, तरी त्याचा जप आश्रमाने चालू ठेवला, आणि गांधीजींच्या पुढच्या काळातल्या प्रार्थनासभांतही तो आरंभी म्हटला जाई. त्या वेळी म्हणणाऱ्यांना प्रत्येक अक्षराचा अर्थ ठाऊक होता असे नाही. तो माणूस त्यांना ठाऊक होता, आणि तेवढे त्यांना पुरले.

विदर्भाचे हे नाते तिथे संपले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधी लोकांनी त्यांचे अनुसरण केले. भंडारा-गोंदियाच्या गावागावांत पाली वंदनेतला ‘नमो’ घुमू लागला. १९६० नंतरच्या दशकात जपानहून आलेले सुरई ससाई नागपुरात स्थायिक झाले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. कामठीला जपानी साहाय्याने ड्रॅगन पॅलेस विहार उभा राहिला, तो १९९९ साली खुला झाला. वर्ध्याला फुजी गुरुजींच्या संघाचा शांतिस्तूप आहे. कुडव्याचा एखादा यात्रेकरू वर्ध्याला जाऊन ‘नमु’ ऐकतो आणि घरी येऊन ‘नमो’ म्हणतो, तेव्हा तो एकच शब्द दोन वाचनांनी म्हणत असतो.

उच्चार ठाऊक पण अर्थ पुसट, अशी ही एक बाजू. दुसरी बाजू पुण्याला दिसते. फर्ग्युसन महाविद्यालयातले पाली भाषेचे पंडित पु. वि. बापट यांनी चिनी अक्षरांचा अभ्यास केला. विनयपिटकावरच्या पाली टीकेचे पाचव्या शतकात चिनीत झालेले भाषांतर त्यांनी अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने इंग्रजीत आणले. १९७० साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते प्रसिद्ध केले. अशा कामात अक्षराचा अर्थ अचूक लागतो की नाही, हा जिवाचा प्रश्न असतो. अक्षर ‘क्यो’ वाचा, ‘केइ’ वाचा, की आजच्या चिनी पद्धतीने ‘चिंग’ वाचा, ‘सूत्र’ हा अर्थ हाती लागला की पान पुढे सरकते. सेवाग्रामला ध्वनी होता, पुण्याला अर्थ होता. अक्षर पुरते शिकायचे तर दोन्ही हवेत.

म्हणून जपानी शिकणाऱ्या तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते, की अक्षराची वाचने यादी करून घोकू नका. ‘क्यो, केइ, किन, हेरु, ताते’ असे सुटे घोकले तर ते आठ दिवसांत विसराल. शब्द धरून शिका. ‘ओक्यो’ म्हणजे देवळातली पोथी, ‘केइझाइ’ म्हणजे अर्थव्यवहार, ‘हेरु’ म्हणजे काळ लोटणे, ‘तातेइतो’ म्हणजे उभा धागा. प्रत्येक शब्दाबरोबर एक वाचन आपोआप येईल, जसे भाऊबीजेबरोबर ‘बीज’ आले आणि पाढ्याबरोबर ‘बे’ आले. मग विचारा, की हे वाचन मठातले की दरबारातले, की मागावर बसलेल्या विणकराचे? उत्तर मिळेल तसा त्या अक्षराचा इतिहास उलगडत जाईल, आणि इतिहास कळला की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

आणि जपानी न शिकणाऱ्यांनाही सेवाग्रामला जाण्याचा योग येईल. प्रार्थनेच्या वेळी तिथे बसलात तर पहिल्या ओळीच्या शेवटी ‘क्यो’ ऐकू येईल. तो ताणा आहे, सूत्र आहे, सूत आहे. आणि ओळीच्या आरंभी, पुढच्या अक्षराला चिकटून गेलेला, आपलाच नमस्कार आहे.